लंडनपासून अर्ध्या तासावर

मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्याहून फोनवर कुणी विचारलं, "सध्या कुठे असता?" तर तो गावाचं नाव सांगून थांबत नाही. थांबून उपयोगच नसतो, पलीकडून "कुठलं म्हणालात?" येणारच असतं. म्हणून नावाला जोडूनच तो एका दमात म्हणून टाकतो, "लंडनपासून अर्ध्या तासावर." की पलीकडचा माणूस निवांत होतो. लंडन त्याला माहीत असतं आणि अर्धा तासही माहीत असतो. डेक्कनवरून हडपसरला पोचायला रस्ता मोकळा असला तरी एवढा वेळ लागतोच. आमच्या एका मावशींची तर पक्की समजूत आहे की आम्ही मेथीची जुडी आणायला लंडनला जातो आणि कुकरच्या शिट्या व्हायच्या आत परत येतो.

अर्धा तास अगदीच खोटा नाही. लंडनच्या यूस्टन स्थानकापासून मिल्टन कीन्स सेंट्रल साधारण ८० किलोमीटर. मध्ये कुठेही न थांबणारी गाडी अर्ध्या तासाहून थोड्या जास्त वेळात आणून सोडते. वाटेतली स्टेशनं घेत येणारी तासाच्या आसपास जाते. पण या अर्ध्या तासात काय काय धरलेलं नाही ते बघा. घरातून निघताना सापडत नसलेली किल्ली धरलेली नाही. शहरात शंभराहून जास्त राउंडअबाउट आहेत, त्यांतले घर ते स्टेशन यांमध्ये येणारे धरलेले नाहीत. स्टेशनाजवळ गाडी लावायला जागा शोधणं धरलेलं नाही. यूस्टनला उतरल्यावर भुयारी रेल्वेत शिरून पुढे जाणं तर मुळीच धरलेलं नाही. १९३२ साली स्थापन झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे. तिथे गणपतीला जायचं म्हणजे नऊवारी सांभाळत, मोदकांचा डबा आडवा होऊ न देता दोन-तीन गाड्या बदलायच्या. अर्ध्या तासावरचं लंडन त्या दिवशी पावणेदोन तासांवर जातं. हे आम्ही मावशींना सांगत नाही.

फोनवर हा अर्धा तास चालून जातो. पण विश्वकोशात एखाद्या रेल्वे स्टेशनाची नोंद असेल, तर तीत "अमुक शहरापासून इतकी मिनिटं" हे लिहावं की लिहू नये? हा काय वादाचा विषय आहे, असं वाटेल. पण कोशांत रमणाऱ्या मंडळींत यावर दोन तट आहेत आणि दोन्ही हट्टी आहेत.

पहिल्या तटाचं म्हणणं, विश्वकोश म्हणजे वेळापत्रक नव्हे. विकिपीडियाच्या धोरणातही हे आहे की तो निर्देशिका नाही आणि प्रवाशांचं गाइडही नाही. शिवाय ब्रिटनमधलं रेल्वेचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मे महिन्यात आणि डिसेंबरात. आज लिहिलेली मिनिटं सहा महिन्यांत शिळी. स्टेशन कधी उघडलं, फलाट किती, इमारत कुणी बांधली, ही माहिती टिकाऊ. आपल्याकडे स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. प्रवाशाला तिचा काडीचा उपयोग नाही, पण ती कधी बदलत नाही. पहिल्या तटाला हवी असते ती अशी माहिती.

दुसऱ्या तटाचं म्हणणं साधं आहे. स्टेशन ही काही नुसती बघायची वस्तू नव्हे, ते कुठून तरी कुठे तरी जाण्यासाठी असतं. कुठे आणि किती वेळात, हेच गाळलं तर देवळाच्या नोंदीत गाभाऱ्याची लांबी-रुंदी द्यायची आणि आत देव कोणता ते सांगायचं नाही, असला प्रकार झाला.

मिल्टन कीन्स सेंट्रलची नोंद पहिल्या तटाच्या शिस्तीत लिहायची तर ती अशी होईल: स्टेशन १९८२ साली सुरू झालं. समोर मोठा चौक, भोवती आरशासारख्या काचांच्या इमारती. या चौकात १९८७ सालच्या 'सुपरमॅन ४' या चित्रपटाचं चित्रीकरण झालं आणि पडद्यावर तो न्यूयॉर्कमधलं संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय म्हणून दाखवला. ही माहिती खरी आहे, रंजक आहे आणि कायमची आहे. म्हणजे ज्याला गाडीची कधीच गरज पडत नाही त्या इसमाला नोंदीत जागा, आणि रोज सकाळी यूस्टनची गाडी धरणाऱ्या माणसाच्या मिनिटांना मात्र मज्जाव.

अर्थात वाचकाच्या वेळेची चिंता कोशकारांनी फारशी कधी केलेली नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड. त्यांतले पहिले पाच प्रस्तावनेचे. म्हणजे 'अ' अक्षर बघायचं तर सहाव्या खंडापर्यंत धीर धरायचा. मी हे कौतुकानेच म्हणते आहे. ज्या माणसाला प्रस्तावनेला पाच खंड लागतात त्याच्याकडे सांगण्यासारखं काही तरी नक्की असतं. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांत गावांच्या नोंदी असत, त्यांत मुंबईपासून रेल्वेने किती मैल ते दिलेलं असे. पुणे ११९ मैल. मैल शिळे होत नाहीत, म्हणून ते कोशांना आवडतात. पण त्या ११९ मैलांत बोरघाट आहे, ही गोष्ट मैल सांगत नाहीत. ती तासांनाच सांगता येते.

मिल्टन कीन्सचा तर जन्मच मिनिटांच्या हिशेबातून झाला. २३ जानेवारी १९६७ रोजी सरकारने नव्या शहरासाठी जागा मुक्रर केली ती लंडन आणि बर्मिंगहॅम यांच्या मध्ये, मुख्य रेल्वेमार्ग आणि एम १ महामार्ग यांना धरून. नाव घेतलं तिथल्याच एका जुन्या खेड्याचं. त्याआधी बकिंगहॅमशर काउंटीचे आर्किटेक्ट फ्रेड पूली यांनी इथे मोनोरेलचं शहर बसवायचा आराखडा केला होता. प्रत्येक घरापासून काही मिनिटांच्या चालीवर मोनोरेलचं स्थानक, अशी कल्पना. ती कागदावरच राहिली. (मोनोरेलचं नाव काढलं की मुंबईकर चेंबूर-वडाळा आठवून विषय बदलतो, तेव्हा यावर अधिक बोलत नाही.) मोनोरेलऐवजी आले एकेक किलोमीटरच्या चौकटीचे रस्ते, आडवे एच आणि उभे व्ही, आणि ते जिथे जिथे एकमेकांना छेदतात तिथे राउंडअबाउट. गंमत म्हणजे शहर मुख्य रेल्वेमार्गावर वसवलं, पण त्याच्या मध्यभागी स्टेशन यायला पंधरा वर्षं लागली. तोवर लोक ब्लेचली नाही तर वुल्व्हर्टन गाठायचे आणि वेगवान गाड्या नव्या शहराच्या पोटातून न थांबता धडधडत जायच्या. या नोंदीत मिनिटं लिहायची नाहीत म्हटलं, तर हे शहर इथेच का वसलं, त्याचं उत्तर नोंदीतून गळतं.

बिल्डर लोकांना ही गोष्ट कुठल्याही कोशकाराच्या आधी कळलेली आहे. बदलापूर-टिटवाळ्याच्या जाहिरातीत फ्लॅट नेहमी "स्टेशनपासून पाच मिनिटांवर" असतो. कुणाची पाच मिनिटं, ते लिहिलेलं नसतं. ती पाच मिनिटं चालणारा माणूस तरुण असतो, हातात पिशवी नसते, पावसाळा नसतो आणि फाटक उघडं असतं. इथल्या घरांच्या जाहिरातींतही स्टेशन किती मिनिटांवर ते अगदी न चुकता असतं. दोन्हीकडचा बिल्डर एकाच घड्याळाने चालत असावा.

माझ्या मुलीला मध्यंतरी शाळेतून एक काम मिळालं. आपल्या भागातली एक जागा निवडा आणि कोशात शोभेल अशी तिची नोंद लिहा. तिने स्टेशन निवडलं. सासरे तेव्हा आमच्याकडे आले होते. मध्य रेल्वेत गार्ड म्हणून त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे वर्तमानपत्र बाजूला ठेवून ते लगेच सरसावून बसले. फलाट झाले, काचेची इमारत झाली, सुपरमॅन झाला.

"आता लिही, लंडन पस्तीस मिनिटं," मी म्हटलं.

सासऱ्यांनी चष्मा वर केला. "कुठल्या गाडीने?"

"फास्टने."

"फास्ट म्हणजे? मध्ये वॉटफर्ड घेते का डायरेक्ट?"

"बाबा, शाळेतला गृहपाठ आहे तो."

"म्हणूनच सांगतोय. टाइम लिहायचा तर गाडी लिहायला पाहिजे. गाडी लिहायची तर वार लिहायला पाहिजे. रविवारचं काय? इथे मेगाब्लॉक नसतो का?"

असतो. रविवारी रुळांची कामं निघतात आणि बऱ्याचदा गाडीऐवजी बस मिळते. हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्यांना राजवाडा दाखवला तेव्हाही पसरलं नव्हतं. त्यांनी मग नातीला मजकूर सांगितला: "गाडी यूस्टनहून सुटलेली, मध्ये कुठेही न थांबणारी, वार रविवार नसलेला, गाडी राइट टाइम असेल तर, पस्तीस मिनिटे." मुलीने तो जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला. बाईंनी समासात लिहिलं, माहिती चांगली आहे, अटी फार आहेत.

मला विचाराल तर अटी बरोबर होत्या. 'पस्तीस मिनिटं' ही काही ८० किलोमीटरसारखी गोष्ट नाही, तो एक करार आहे आणि करारात अटी असतात. इथे बरीच वर्षं असा नियम होता की लांब पल्ल्याची गाडी दहा मिनिटांच्या आतबाहेर पोचली तरी हिशेबात ती वेळेवरच आली. त्याहून उशीर झाला तर आता प्रवाशाला भाड्याचा काही भाग परत मागता येतो, बऱ्याच गाड्यांना पंधरा मिनिटांपासून पुढे. हे ऐकल्यावर सासरे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्याकडे हे सुरू केलं तर नुसता हिशेब ठेवायला वेगळं मंत्रालय काढावं लागेल."

या शहराच्या हद्दीत एक जागा आहे, ती या वादात पुरावा म्हणून उभी करावी अशी. ब्लेचलीजवळ जुना रोमन रस्ता, वॉटलिंग स्ट्रीट, रेल्वेच्या पुलाखालून जातो. तिथे डेन्बी हॉल नावाची खानावळ होती. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा उत्तरेला किल्सबीच्या बोगद्यात पाणी आणि वाळू लागली आणि काम अडलं. लंडनहून इथपर्यंत रूळ तयार, पलीकडे रग्बीपासून बर्मिंगहॅमपर्यंत रूळ तयार, मधला तुकडा नाही. कंपनीने डेन्बी हॉललाच तात्पुरतं स्टेशन काढलं आणि एप्रिल १८३८ पासून लोकांना इथे उतरवून घोड्यांच्या गाडीत कोंबून रग्बीला न्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी २८ जूनला व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक होता. उत्तरेकडून लंडनला निघालेली झुंबड या आडबाजूच्या खानावळीशी येऊन थडकली. सप्टेंबरात बोगदा पुरा झाला आणि स्टेशन मिटलं. पुलावर एक फलक आहे, त्यावर हे सगळं थोडक्यात लिहिलं आहे: १८३८ च्या सप्टेंबरपूर्वी रेल्वे इथे संपत होती आणि उतारूंना रग्बीपर्यंत घोडागाडीने नेत. किती वेळ लागायचा, ते फलकावर नाही. मी तिथे उभी राहून तेवढंच शोधत होते.

मुंबई-पुण्याच्या माणसाला ही कथा ऐकल्यासारखी वाटेल, कारण ती आपल्याकडेही घडली. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आली. मध्ये घाट. उतारू खोपोलीला उतरायचे आणि पालखी, तट्टू, बैलगाडी, ज्याला जे परवडेल त्याने घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. लंडन-बर्मिंगहॅम मार्गाचा मुख्य इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झालेला. गुरूला किल्सबी आडवा आला, शिष्याला बोरघाट. किल्सबीने उतारूंना काही महिने रखडवलं. बोरघाटाने पाच वर्षं रखडवलं, आणि एका वेळी चाळीस हजारांवर माणसं तिथे राबत होती. पटकीने, दरडींनी त्यांतली किती गेली याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट हातात ठेवलं आणि काम तडीस नेलं. बर्कलीही १८६२ मध्ये गेला. २१ एप्रिल १८६३ ला घाटाचं उद्घाटन झालं, ते बघायला तो नव्हता. मुंबई-पुणे प्रवासातले जे तास त्या दिवशी कमी झाले, ते नोंदीत यायला नकोत? ते तास कमी करायलाच तर हा सगळा जीव टाकला होता.

आता थांबण्याच्या मिनिटांकडे वळू, कारण प्रवासाच्या वेळेत धावणं असतं तसं थांबणंही असतं. मिल्टन कीन्सच्या उत्तर टोकाला असलेलं वुल्व्हर्टन हे लंडन आणि बर्मिंगहॅमच्या साधारण मधोमध. जुन्या काळी इथे इंजिन बदलायचे आणि दहा मिनिटं गाडी थांबायची. एवढ्यात उतारूंनी उपाहारगृहात धावायचं, कढत चहाने तोंड भाजून घ्यायचं आणि घंटा झाली की पाव हातात घेऊन पळत सुटायचं. सर फ्रान्सिस हेड यांनी १८४९ च्या आपल्या पुस्तकात वुल्व्हर्टनच्या उपाहारगृहात वर्षाला किती केक आणि किती पाव खपतात याचा तपशीलवार हिशेब दिला आहे. या माणसाविषयी मला फार आदर वाटतो. त्याला कुणी सांगितलं नाही की पावांची संख्या शिळी होईल. ती शिळी झाली म्हणूनच आज वाचावीशी वाटते.

वुल्व्हर्टनचं आपल्याकडचं भावंड म्हणजे कर्जत. पुढे खंडाळ्यापर्यंत ३७ फुटांना एक फूट असा चढ, म्हणून कर्जतला गाडीला मागून जोर लावणारी बँकर इंजिनं जोडायची. ती जोडेपर्यंत फलाटावर दिवाडकरांचा वडा. एका हातात कागदात गुंडाळलेला वडा, दुसऱ्या हाताने खिडकीचा गज धरून पैसे देणारा माणूस, मागून इंजिन लागल्याचा धक्का, आणि त्या धक्क्याने सांडलेली लाल चटणी पँटवर. मुंबई-पुण्याचा वेळ लिहायचा तर त्यात ही मिनिटं येतात. त्यांना वजा करून निघतो तो मुंबई-पुणे प्रवास नव्हे.

यावर पहिला तट म्हणेल, जुनं ठीक आहे, पण आजचं काय? आजचा वेळ एक असतो तरी का? हा त्यांचा मुद्दा बळकट आहे, आणि त्याला आणखी बळ द्यायला मी तयार आहे. कोकण रेल्वेला पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात. मग रत्नागिरीच्या नोंदीत मुंबईपासूनचा वेळ लिहायचा तो मे महिन्यातला की जुलैतला? इथे तर पावसाचीही गरज नाही. शरद ऋतूत झाडांची पानं रुळांवर पडतात, चाकांखाली चिरडून त्यांचा निसरडा थर होतो आणि गाड्या उशिरा धावतात. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. उन्हाळ्यातही तेच. इथले रूळ २७ अंश तापमानाला ताण राहणार नाही असे बसवलेले असतात. त्यामुळे हवेचा पारा तिशीच्या वर सरकला की गाड्यांचा वेग कमी करतात. नागपूरकराला हे वाचून हसू येईल, पण रूळ ज्या त्या हवेचा असतो.

इतकंच काय, एकाच घड्याळाने वेळ मोजायची हीसुद्धा तशी नवीनच रीत. रेल्वे आली तेव्हा इंग्लंडात प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्याने ठरत होती. लंडनच्या मानाने आमच्याकडचा सूर्य अडीच-तीन मिनिटं मागे. म्हणजे यूस्टनला तिथलं घड्याळ बघून बसलेला माणूस वुल्व्हर्टनला तिथलं घड्याळ बघून उतरला, तर त्याचा प्रवास फुकटात तीन मिनिटांनी लवकर झाला, आणि परतीला तेवढाच लांबला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची तऱ्हा याहून न्यारी. शहर चालायचं मुंबईच्या वेळेवर आणि रेल्वे चालायची मद्रासच्या, जी साधारण अर्ध्या तासाने पुढे. घरातलं घड्याळ बघून बोरीबंदरला निघालेल्या भोळ्या माणसाची गाडी कधीच सुटलेली असायची.

अशा परिस्थितीत मिनिटं गाळून टाकावीत, हा मोह मला समजतो. पण ती गाळली की कोशातून काय जातं ते डेक्कन क्वीनच्या नोंदीत बघावं. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली. सुरुवातीला ती पावणेतीन तासांत पुणं गाठायची असं सांगतात. आज सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. विजेची इंजिनं सुधारली, रूळ वाढले, सिग्नल बदलले आणि राणी मात्र सावकाश चालायला लागली. यातून मार्गावर किती गर्दी झाली, किती लोकल वाढल्या, किती थांबे वाढले, सगळं कळतं. पण ते कळायला दोन्ही आकडे हवेत, आणि प्रत्येक आकड्याला त्याचं साल हवं. १६ एप्रिल १८५३ च्या पहिल्या गाडीचंही तसंच. बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, तीन इंजिनं. ही गाडी कुठे ५७ मिनिटांत पोचते, कुठे सव्वा तासात, ज्या पुस्तकात वाचाल त्याप्रमाणे. तोफांच्या सलामीचा आकडा सगळीकडे जुळतो, एकवीस. तेव्हाच्या कुणी मिनिटं व्यवस्थित टिपून ठेवली असती तर आज हा घोळ झाला नसता.

आणि ज्या गाड्या अजून धावतच नाहीत त्यांची मिनिटं तर सगळ्यांना तोंडपाठ आहेत. लंडन-बर्मिंगहॅम ४९ मिनिटांत, या वचनावर हायस्पीड टू नावाच्या प्रकल्पात अब्जावधी पौंड गेले आणि अजून जात आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटर २ तास ७ मिनिटांत, हा आकडा आपल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. ऑक्सफर्डहून ब्लेचलीला येणारी प्रवासी वाहतूक १९६७ च्या अखेरीस बंद केली, नेमकं ज्या वर्षी या शहराची घोषणा झाली त्याच वर्षी. पुढे डोकं ठिकाणावर आलं, मार्ग पुन्हा बांधला, २०२४ मध्ये त्यावर चाचणीची गाडी धावली आणि प्रवासी गाडी ठरल्या मुदतीत काही आली नाही. मधल्या विन्स्लो गावात नवंकोरं स्टेशन तयार, लोक मिनिटं मोजायला तयार, गाडी नाही. होणाऱ्या मिनिटांना नोंदीत मानाचं पान आणि झालेल्या मिनिटांना दरवाजा बंद, हा न्याय मला पटत नाही.

माझा निकाल असा: वेळ लिहावा. मोघम लिहावा, 'सुमारे' घालून लिहावा, गाडी थांबणारी की न थांबणारी ते सांगावं, आणि शेजारी साल टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये. साल टाकलं की सहा महिन्यांनी तो आकडा चुकीचा होत नाही, जुना होतो, आणि जुन्या गोष्टी जपणं हे कोशाचंच काम. वेळापत्रक नवं आलं की जुनं फेकून देतं. कोशाला ती सोय नाही.

यात तुमचीही मदत होईल. घरात कुठे तरी माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, रेल्वेचं जुनं टाइम टेबल असेल. पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या, आजोबांनी एखाद्या गाडीखाली निळ्या शाईने रेघ ओढलेली. ते रद्दीत घालू नका. किलोमागे जे मिळतील ते मिळतील, पण तुमच्या गावच्या स्टेशनाची नोंद लिहायला कुणी बसला, तर त्याला ते पान लागणार आहे. निदान त्या पानाचा फोटो काढा आणि फोटोवर साल लिहा.